दम कोणाचा तुटला?

मनकर्णाबाई : ते सारं राहू द्या भाऊजी. पयले हे सांगा, मुखरूनं आपल्याच गड्याचा पाय काऊन धरला?

भैयाजी : त्यात मुखरूचं काही चुकलं नाई, बाई. मुखरूची दृष्टी मोठी हाये. तो म्हणते, आपला कोण आन परका कोण? जो पाय हाती आला तो देवाचा. धरला आन सोडला नाई. असा मानूस कीर्तनात शोभते. चुकून हुतूतूत आला.

मनकर्णाबाई : मोठी दृष्टी! तिकडं सावली गावचा गडी याच्या डोक्यावरून उडी मारून निंगून गेला, आन हा इसरूचा पाय छातीशी धरून पडला. इसरू बोंबलून राह्यला, ‘अबे सोड, मी हावो, इसरू!’ आन हा म्हनते, ‘ओळखलं तुले, आता सुटून दाखव!’

भैयाजी : मुखरू, तोंडावर दुपट्टा ओढू नोको, लेका. हासलो, झालं. आता तू सुटला. आन सावलीहून बाजाराले आलेले पाव्हणे, तुमी असे घाबरून पाहू नका. भोंग्यातून भांडण नाई चालू. सांगतो काय हाये ते.

मनकर्णाबाई : थोडक्यात सांगा. तुमच्या थोडक्यात माह्या लाह्या नरम पडतात.

भैयाजी : हे आमचं रविवारचं बसणं हाये. धान कापून झालं का रिकाम्या बांदीत, म्हंजे धानाच्या वावरात, हुतूतूचे सामने लागतात. हप्ताभर पोट्टे खेळतात, पडतात, ढोपरं फोडून घेतात. आन रविवारी, बाजाराच्या दिवशी, आमी तिघं ह्या मारुतीच्या पारावर बसून त्यांची धुलाई करतो. एक मी, भैयाजी, सामन्याचा पंच. दुसऱ्या ह्या मनकर्णाबाई. यांचं लाह्या-फुटाण्याचं दुकान मैदानाच्या कडंले हाये. यांले पारावर कोणी बोलावलं नव्हतं. पन या खालूनच इतक्या बोलत, का वर आणून बसवणं सोपं पडलं.

मनकर्णाबाई : आन तिसरा म्हंजे जो त्या हप्त्यात हारला तो.

भैयाजी : त्याले ह्या उलट्या टोपल्यावर बसवतो, हाती नारळ देतो, आन सारा गाव मिळून हासतो. हासून झालं का त्याची हार संपली. मंग ती गोठ कोणी काढायची नाई. बांधावर नाई, विहिरीवर नाई, पोरीच्या सोयरिकीत त नाईच नाई. नियम एकच. दुसऱ्याले हासाच्या पयले सोताले हासायचं. पयले हे नुसत्या गळ्यानं होत होतं. यंदा सप्ताहासाठी भोंगा आणला. शुक्रवारी काला झाला, भोंगावाला म्हणे, ब्रह्मपुरीले बहिणीच्या घरी जाऊन येतो. त्याले आज तिसरा दिवस. बहीण चांगली असन.

मनकर्णाबाई : झालं थोडक्यात? आता मी हासते सोताले. तीस साल झाले, फुटाने इकून राह्यले. तोंडात आता चार दात उरले, तेबी एकमेकाच्या समोर नाई. गिऱ्हाईक इचारते, ‘बाई, फुटाने खमंग हायेत काय?’ मी म्हनते, ‘हो बापा, लोक म्हनतात.’

भैयाजी : वा! आता माही बारी. मी वीस वर्षांचा असताना चढाईले गेलो. दम बेस होता. पन रातदिवस कीर्तनात टाळ वाजवणारा मानूस मी. ‘हुतूतू, हुतूतू’ म्हणता म्हणता तोंडातून कधी ‘विठ्ठल, विठ्ठल’ निघून राह्यलं, मलेच समजलं नाई. पंच म्हणाला, बाद. मी म्हटलं, देवाचं नाव घेतल्यानं मानूस तरते, बाद कसा होते? तो म्हणाला, तरायचं असन त तर बापा, पन रेघीच्या बाहेर जाऊन तर.

मनकर्णाबाई : आन हत्तीची गोठ?

भैयाजी : ते काऊन आता?

मनकर्णाबाई : पाव्हने हायेत. सांगा.

भैयाजी : सांगतो. एका साली आमच्या कीर्तनकार दिगंबरबुवांचा गळा बसला. मले म्हणाले, भैयाजी, आज तू उभा राह्य. रोज बुवांच्या मागं टाळ धरून उभा राहत होतो. म्हटलं, चार पावलं पुढं सरकायचं, त्यात काय मोठं? गजेंद्रमोक्ष लावला. हत्ती पाण्यात उतरला. मगरीनं पाय धरला. तिथी देवाले बोलावून मोकळं व्हायचं, त मी तळं सांगाले बसलो. तळं झालं, तळ्यातली कमळं झाली, कमळांवरचे भुंगे झाले. भुंग्यांचा रंग सांगून राह्यलो होतो, तेवढ्यात नथ्थूची आजी उठून उभी झाली. हात जोडून म्हणे, ‘भैयाजी, बापा, त्याले बाहीर काढ. आमाले घरी जाऊन सैपाक कराचा हाये.’

मनकर्णाबाई : मंग? काढलं काय बाहीर?

भैयाजी : आजी गेली, तिच्या मागं बाया गेल्या, बायांच्या मागं माणसं गेली. देव कोणासमोर येईन? तो हत्ती अजून पाण्यातच हाये.

मनकर्णाबाई : ए कोलू, हासाचं असन त बसून हास. वांग्यांवर काऊन लोळून राह्यला? त्या बाईले ते इकायचे हायेत! हं, आता टोपल्यावरच्या पाव्हन्याले बोलू द्या. पाव्हने, हा जंगू. नदीपारच्या मुरुमटोल्याचा, तिथल्या लहान्या वस्तीचा. मंगळवारी शेवटच्या सामन्यात याचा दम तुटला आन याचा टोला हारला. जंगू, हास बाबू सोताले.

जंगू : कसा हासू?

मनकर्णाबाई : जसं येईन तसं.

जंगू : आठ कोस चाललो. डोंग्यानं नदी पार केली. हासून घ्याले आलो. याच्याहून मोठा हासा मले येत नाई.

भैयाजी : पाहा! पोरानं चार वाक्यात संपवलं. मले हत्ती लागते.

मनकर्णाबाई : आन काय रे, तुह्या टोल्याचे बाकीचे गडी कुठी हायेत? अकेलाच आला?

जंगू : ते म्हनले, नोको जाऊ. मी म्हनलो, जातो. नियम हाये त हाये.

भैयाजी : बेस बोलला. मंग आता सांग, मंगळवारी काय झालं? तू तोंडानं सांग, मंग आमी तिखट-मीठ लावतो.

जंगू : चढाईले गेलो. दोन गडी शिवलो. परत येऊन राह्यलो होतो. एक पाय रेघीवर. तू शिट्टी मारली.

मनकर्णाबाई : असं सांगतात काय रे? माह्याकडून आयका. पाव्हने, ह्या पोराचा दम म्हंजे आगगाडी! ‘हुतूतू’ सुरू झालं का मी एक पायली फुटाने मोजून पुड्या बांधते, तरी हा तिकडं चालूच. मी एकडाव इचारलं त्याले, तू काय खातेस रे? त म्हने, काही नाई, आमी टोल्यात रेला गातो.

जंगू : लगनात, सनाले. हात धरून नाचतो आन गातो. आख्खी रात. मधी थांबलं त म्हातारे हासतात.

मनकर्णाबाई : तिथी याचा दम पिकला. मंगळवारी सावलीचे सहा गडी याच्याभोवती, आन हा त्यांच्यातून असा आला जसा मासा जाळ्यातून. पाय रेघीवर पडला, आन भाऊजीची शिट्टी — फुर्रर्र! ‘दम तुटला, गडी बाद!’ ते मंग ह्याच भोंग्यावरून साऱ्या गावाले सांगितलं. हा पोरगा रेघीवर उभा राहून म्हनला, ‘मी दम नाई तोडला.’ तीनदा म्हनला. मंग दुपट्टा खांद्यावर टाकून चालता झाला.

जंगू : एक इचारू, भाऊ?

भैयाजी : इचार.

जंगू : हासून झालं का हार संपते म्हनतेस. गुरुजीच्या कागदावरून पन संपते काय?

मनकर्णाबाई : आता घ्या. द्या उत्तर, भाऊजी.

भैयाजी : कागदाचं... कागदाचं काय हाये, बाई, ते तुमीच सांगा.

मनकर्णाबाई : मी काऊन? बरं, सांगते. ते पाहा, तिथी लिंबाखाली गुणवंतराव गुरुजी दौत-टाक घेऊन बसले. तीनच्या मोटरनं चांद्याले यादी जाते. पुढच्या महिन्यात नागपूरले मोठे सामने हायेत. आपल्या भागातून दोन नावं जायची हायेत, एक गडी आन एक पंच. गडी म्हनून जंगूच जानार, हे शेंबड्या पोरालेबी मालूम होतं. पन पंचाशी हुज्जत घातली का एक साल नाव कट. हा गुरुजीचा नियम हाये, आन गुरुजी नियमाचे असे पक्के का शाळेत सोताची छडी सोताच्या हातावर मारतील. म्हनून जंगूचं नाव खोडलं.

जंगू : मी हुज्जत नाई घातली. जे होतं ते म्हनलो.

मनकर्णाबाई : त्यालेच हुज्जत म्हनतात, बाबू.

जंगू : आमच्या टोल्याचं नाव कोन्या कागदावर नाई. जंगलाच्या नाकेदाराच्या वहीत हाये, तेबी गाईढोरं कुठी चरतात त्याच्यापुरतं. मी पोट्ट्यांले सांगितलं होतं, गुरुजी लिवनार हाये. ‘जंगू, मुरुमटोला.’ असं नागपूरले जाईन. मंग ते तिथी वाचतीन.

मनकर्णाबाई : ...आन पंच म्हनून आपले भैयाजी जाऊन राह्यले. त्यांले सामन्याचं काय पडलं हाये? आपल्या दिगंबरबुवांचे गुरू त्याच हप्त्यात नागपूरले कीर्तनाले उभे राहनार हायेत. त्याच्यासाठी सारा खटाटोप! धोतरं आतापासूनच धुवून ठेवली.

भैयाजी : माह्या बायकोनं, रंभेनं धुतली. मी नुसती घडी मोडून पाह्यली.

मनकर्णाबाई : किती डाव?

भैयाजी : रोज एकडाव. बाई, बुवांचे गुरू ऐंशी पार झाले. बारा साल बुवांच्या तोंडून त्यांची तारीफ आयकून राह्यलो. बुवा म्हणतात, ते नुसतं ‘हे देवा’ म्हणतात त माणसाचं पाणी होते. पुढच्या साली ते उभे राहतील का नाई, कोण सांगावं?... जंगू, तुह्या प्रश्नाचं उत्तर देतो. आयका सारे. मंगळवारी जंगूचा दम तुटला नव्हता.

मनकर्णाबाई : घ्या! मंग कोनाचा तुटला?

भैयाजी : बुवांचा.

मनकर्णाबाई : हा हा! अरे देवा! बुवांचा!

भैयाजी : हासू नका. आयका त खरं. मंगळवारी तिसऱ्या प्रहरी, सामना चालू असताना, ह्याच देवळात बुवा रात्रीच्या कीर्तनातला अभंग घोळून राह्यले होते. मैदान इथून पन्नास पावलं. माही शिट्टी तोंडात. जंगू चढाईले आला, मी त्याच्या दमाकडे कान लावला. खरंच लावला. पन त्याचं ‘हुतूतू’ असं ठेक्यात चाललं होतं, जसा खाली मृदंग. आन वरतून बुवांचा आलाप. दोन्ही एकात एक मिसळले. मले वाटलं, मी मागं उभा हावो, हाती टाळ हायेत. माहे डोळे मिटले.

मनकर्णाबाई : पंचानं डोळे मिटले! शिट्टी तोंडात आन समाधी लागली!

भैयाजी : आन बुवांनी आलाप संपवून श्वास घेतला. मले वाटलं, दम तुटला. मी फुर्रर्र केलं.

मनकर्णाबाई : अगं माय! पोट दुखलं माहं! म्हंजे बाद कराचं होतं त बुवाले कराचं होतं! टोपल्यावर बुवाले बसवा रे!

भैयाजी : हासू नका!

मनकर्णाबाई : आता हासू नका म्हनता, त आनखीनच येते. भाऊजी, हत्तीपेक्षा हे बेस जमलं.

भैयाजी : जमवलं नाई, बाई. घडलं.

मनकर्णाबाई : तेच त. तुमी असं सांगता का घडल्यासारखं वाटते.

भैयाजी : अरे, काय करू मी? मंगळवारी रात्री रंभेले सांगितलं. ती चुलीवरून भात उतरवत होती. म्हणे, ‘रविवारी सांगजा हे, लोक हासतीन.’ आज सकाळी गुरुजींले सांगितलं. गुरुजी कधी हासत नाईत. ते इतके हासले का चहा नाकातून आला. म्हणाले, ‘वा भैयाजी! श्वास बुवांचा आणि बाद जंगू! हे भोंग्यावर अवश्य सांगा.’ आता भोंग्यावर सांगून राह्यलो, त तुमी हासता!

मनकर्णाबाई : पाहा, गुरुजी आताबी हासून राह्यले. चष्मा पुसून राह्यले.

भैयाजी : मारुतीची आन घेऊन सांगतो...

मनकर्णाबाई : आन घेतली, तरीबी हासले. तो कोलू पाहा, पुन्हा वांग्यांवर.

भैयाजी : हे मारुतिराया!

मनकर्णाबाई : भाऊजी.

भैयाजी : काय?

मनकर्णाबाई : तुमी काऊन नाई हासून राह्यले?

भैयाजी : हासतो नं.

मनकर्णाबाई : मी बाजूलेच बसली हावो. मले दिसत नाई काय? दात गेले, डोळे हायेत. ...खरं हाये काय हे?

भैयाजी : पयल्यापासून तेच सांगून राह्यलो नं, बाई.

मनकर्णाबाई : तुमी सांगता कुठी? तुमी वाजवता. ‘फुर्रर्र केलं’ म्हनता, गाल फुगवून दाखवता. ‘समाधी’ मी म्हनलं, त तुमी डोळे मिटून मान बी हालवली. वीस साल तुमी गावाले सोतावर हासवलं. आता तुमी रडले तरी लोक म्हनतीन, पाहा, रडते कसा बेस! तुमचंच पीक हाये हे, भाऊजी. तुमीच कापा.

भैयाजी : मले दुसरं येत नाई.

मनकर्णाबाई : हत्तीची गोठ सांगता नं? आजी उठली, लोक गेले. मंग काय झालं?

भैयाजी : तिथी संपते ती.

मनकर्णाबाई : तुमची रंभा मले बोलली हाये एकडाव. तिथी नाई संपत.

भैयाजी : ...लोक गेल्यावर मी देवळाच्या मागं जाऊन रडलो. वीणा तशीच गळ्यात होती. त्याच्यानंतर मी पुढं कधी उभा राह्यलो नाई.

मनकर्णाबाई : ते काऊन नाई सांगत लोकाले?

भैयाजी : त्यात हासण्यासारखं काही नाई.

मनकर्णाबाई : मंग मंगळवारच्या गोठीतलं ज्यात हासन्यासारखं नाई, ते सांगा. जंगू, तू उठू नोको, बस.

जंगू : मी बसलोच हावो.

भैयाजी : जंगू, तो नारळ दे इकडे. दोन्ही हातानं धरून बसतो, नाईतर हात नक्कल कराले लागतात. ...सांगतो. मंगळवारी मी डोळे उघडले तेवा जंगू रेघीवर होता. तो म्हणाला, ‘मी दम नाई तोडला.’ पयल्यांदा म्हणाला तेवा मले राग आला. दुसऱ्यांदा म्हणाला तेवा शंका आली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आन त्याच टायमाले देवळातून बुवांनी पुन्हा तोच आलाप घेतला, पुन्हा त्याच जागी श्वास घेतला. मले तिथीच, उभ्या उभ्या समजलं. तो श्वास जंगूचा नव्हता.

मनकर्णाबाई : तिथीच समजलं होतं?

भैयाजी : तिथीच. शिट्टी हाती होती. वापस फुंकून म्हणता येत होतं, पंचाची चूक झाली, गडी जिता हाये. त्याले किती वेळ लागते? पन मनात आलं, पंचाचा कान भलतीकडे गेला असं गुरुजींले समजलं त नागपूर हातचं जाते. मी म्हटलं, जंगू पोरगा हाये. यंदा नाई त पुढच्या साली जाईन. बुवांचे म्हातारे गुरू पुढच्या साली असतील नसतील. असं मी एका क्षणात तोललं, आन भोंगा हाती घेऊन गावाले सांगितलं, ‘दम तुटला.’ जंगू पाठ करून जाऊन राह्यला होता. मी पाहून राह्यलो होतो. हाक नाई मारली.

मनकर्णाबाई : आन त्या रातच्या कीर्तनात?

भैयाजी : मंग रातच्याले कीर्तनात टाळ वाजवाले उभा राह्यलो. बुवांनी तोच अभंग घेतला. त्या जागेवर आले, श्वास घेतला, आन माहा टाळ चुकला. बारा सालांत पयल्यांदा. बुवांनी मागं वळून पाह्यलं. मी हासलो. लोकही हासले. त्या दिवसापासून मी हासवूनच राह्यलो हावो. रंभेले सांगितलं, गुरुजींले सांगितलं, पन अशा रीतीनं सांगितलं का त्यांनी हासावं. ते हासले का मले बरं वाटत होतं. म्हणत होतो, पाहा, सांगून त देल्लं! आता त्यांनी खरं नाई मानलं, त माहा काय दोष?

मनकर्णाबाई : आता कोनी नाई हासत, भाऊजी.

भैयाजी : देवाचं नाव आयकाले जायचं म्हणून मी एका पोराचा खरा दम खोटा केला. गुरुजी, टाक उचला. चष्मा घाला. आन लिहा. ‘मंगळवारच्या सामन्यात गडी जंगू याचा दम तुटला नव्हता. पंचाचं ध्यान खेळावर नव्हतं. चूक पंचाले तिथीच समजली, पन त्यानं ती लपवली. गड्यानं हुज्जत घातली नाई. जे खरं होतं ते तो म्हणाला. म्हणून गड्याचं नाव कायम ठेवावं, आन पंचाचं खोडावं.’ खाली माही सही घ्या. मी येतो तिथी.

(भोंग्याची खरखर.)

भैयाजी : एवढं चूप काऊन झालं सारं? भोंगा बंद पडला काय?

मनकर्णाबाई : चालू हाये.

भैयाजी : मले हे असं सहन होत नाई, बाई. काही त बोला.

मनकर्णाबाई : काय बोलू? गुरुजी लिहून राह्यले. एक ओळ लिवली. आता दुसरी. ...हं, आता खाली काहीतरी खोडलं.

भैयाजी : ते माहं नाव असन.

मनकर्णाबाई : दोनदा खोडलं. एकडाव खोडून दिसत होतं वाटते.

भैयाजी : गुरुजी पक्के हायेत.

मनकर्णाबाई : रंभा तिथी कुंभाराच्या दुकानाजवळ उभी हाये. पदर तोंडाले लावला हाये. तिलेबी आताच समजलं. धोतरं काढा म्हना आता नेसायले.

भैयाजी : नेसतो उद्यापासून. शेतातच नेसतो. ...गुरुजी कागद घेऊन येऊन राह्यले. आणा, सही करतो. झाली. आता मोटर आली तरी चालते.

जंगू : काय लिवलं?

मनकर्णाबाई : घे नं हातात. पाह्य.

जंगू : मले वाचता येत नाई.

भैयाजी : आण इकडे. हे पाह्य, हे वरचं. ‘गडी : जंगू. मुक्काम मुरुमटोला.’

जंगू : टोला कुठी हाये?

भैयाजी : हे. इथून इथपर्यंत. हा ‘मु’, हा ‘रु’, हा ‘म’... आन हा शेवटी ‘ला’.

जंगू : मोठा हाये.

भैयाजी : गुरुजींचं अक्षर मोठंच हाये.

जंगू : अजून एकडाव वाच. भोंग्यात वाच.

भैयाजी : ‘गडी : जंगू. मुक्काम मुरुमटोला.’

मनकर्णाबाई : नदीपारपर्यंत गेलं असन, बाबू. जा, गुरुजींले कागद दे. मोटरचा धुराळा दिसून राह्यला तिकडं. आन पयले ह्या लाह्या घे, मोटरपाशी उभ्या उभ्या खाय. आठ कोस परत चालायचं हाये.

जंगू : भाऊ.

भैयाजी : बोल बापा. शिव्या देल्ल्या तरी चालतीन. साऱ्या बाजाराले आयकू येईन असं बोल.

जंगू : ते गानं मी पन आयकलं होतं.

भैयाजी : कधी? चढाईत?

जंगू : हो. बरं होतं. त्याच्यासंगच पाय टाकत होतो.

भैयाजी : आन बुवांनी श्वास घेतला, ते?

जंगू : तेबी आयकलं. मले वाटलं, याचा दम लहान हाये.

मनकर्णाबाई : हा हा! सांगते मी बुवाले!

भैयाजी : सांगा, सांगा. त्यांलेही एका रविवारी बसवू.

जंगू : नागपूरच्या पंचाले गानं आवडते काय, भाऊ?

भैयाजी : कोण जाने बापा. काऊन?

जंगू : आवडत असन त बरं. चुकला त तुह्यासारखं सांगन.